पैसे चुकवायची नोकरी

आयुष्यात मी एकच परकी भाषा मन लावून शिकले, आणि तीही चुकीची. भाषेत काही खोट नव्हती. मला हवी होती रशियन आणि मी शिकले हंगेरियन. हे कळेपर्यंत चांगला दीड महिना उलटून गेला होता. एवढी फजिती झाल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं, पण गप्प बसणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खणलेली जमीन, ट्रक, आणि घर कितीही झाडलं तरी पोळीच्या घासात लागणारी कचकच. माझा दादा स्टोअरच्या ऑफिसात कारकून होता. त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि वहिनीला सोबत म्हणून मला वर्ध्याहून पाठवण्यात आलं. मी मॅट्रिक झालेली, एकोणीस वर्षांची. माझ्या तोंडाला लगाम नाही याबद्दल घरात सगळ्यांचं एकमत होतं.

बाबा रेल्वेत टीसी होते. तिकीट चुकवणारा माणूस त्यांना नुसत्या चालीवरून कळायचा. आणि त्यांचं एक व्रत होतं, लाइनवर कुणाच्या पैशाचा चहा प्यायचा नाही. मित्राच्या नाही, साहेबाच्या नाही, दादाला नोकरी लागल्यावर त्याच्यासुद्धा नाही. "एकदा का दुसऱ्याचा चहा पोटात गेला," ते म्हणत, "का मंग डोये झुकतेत." मला गाडीत बसवून देताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत राह्य तिथं. नोकरी लागली त पाहू. नाही त हिंगणघाटचं स्थळ हाय."

हिंगणघाटच्या स्थळाची तेलाची घाणी होती. मुलगा मला पाहायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, "तेल किती लागते जी तुमच्या घरी महिन्याले?" मी म्हणाले, "तुमच्यापेक्षा कमीच लागत असंन." तरीही त्यांचा होकार आला, यावरून माणसं भली होती हे मान्य करायला हवं. माझी तक्रार त्या मुलाबद्दल नव्हतीच. माझी तक्रार अशी होती की मला घेतलेल्या बांगड्या आईच्या पैशाच्या, पोस्टकार्डं दादाच्या पैशाची, आणि भिलाईला आले तीसुद्धा बाबांच्या रेल्वे पासावर. आता यापुढे तेलवाला देणार. एकदा तरी माझ्या हातानं, माझ्या पैशानं काहीतरी घ्यावं, मग काय व्हायचं ते होवो, असं मला फार वाटे. नोकरी हवी होती ती एवढ्यासाठी.

पोळ्याच्या सुमारास दादानं बातमी आणली. परदेशी तज्ज्ञांच्या वसाहतीजवळ एका पंजाबी ठेकेदारानं दुकान काढलं होतं. अर्ध्या भागात डबे-बिस्किटं, अर्ध्या भागात टेबलं टाकून कॅन्टीन. त्याला गल्ल्यावर बसायला मुलगी हवी होती, कारण येणाऱ्यांत रशियन बायका जास्त, आणि गल्ल्यावरचा आधीचा मुलगा त्यांच्याशी बोलायची वेळ आली की पाणी प्यायला निघून जायचा.

"रूसी आती है?" ठेकेदारानं मला विचारलं.

"सीख रही हूँ," मी म्हणाले. उच्चारेपर्यंत ते वाक्य खोटं होतं, पण दुकानाची पायरी उतरले तेव्हापासून मी ते खरं करायच्या मागे लागले.

"ज्यादा कुछ नहीं चाहिए," तो म्हणाला. "कौन पैसा देगा, अलग-अलग देंगे कि साथ में, बस इतना पूछना आ जाए. दशहरे के बाद आना, देखेंगे."

म्हणजे अभ्यासक्रम एका क्रियापदाचा होता. पण शिकवणार कोण? रशियनचे वर्ग चालत ते इंजिनियर लोकांसाठी. तिथं कारकुनाच्या बहिणीला कोण उभं करतंय?

मग बाजारात एक गोरी बाई भेटली, म्हणजे रशियनच, असं मी धरून चालले. फुलाफुलांचा फ्रॉक, डोक्याला रुमाल, हातात वांगं. समोर जवळच्या कुरुद गावची भाजीवाली कमरेवर हात देऊन भांडायच्या पवित्र्यात. माझी समजूत झाली की भाव पटला नसेल. पण भाजीवालीचं दुखणं निराळंच होतं. "बिना मोल-भाव करे पइसा दे देथे!" ती मला म्हणाली. "अइसने कोनो लेथे का?" बाईनं सांगितल्या भावाचे पैसे मुकाट्यानं पुढे केले होते आणि त्यामुळे भाजीवालीला आपला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. मी मध्ये पडले, बाईच्या वतीनं चार शब्द ऐकवले, भाजीवालीनं मला आठ ऐकवले, भाव उतरला आणि दोन्ही बाजू खूश झाल्या.

बाईची हिंदी माझ्यासारखीच होती, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती सगळं देवाच्या हवाली. ओळख झाल्या-झाल्या मी विचारून टाकलं, "मेरे को आपका भाषा सिखाओ."

ती थबकली. वांगं पिशवीत टाकायचं विसरली. "मेरा भाषा?"

"हाँ. आपका भाषा."

तिनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. तिचे डोळे भरून आले होते. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात भाषेचा अभिमान! नाहीतर आपण.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिच्या व्हरांड्यात माझी शिकवणी सुरू झाली. तिचा नवरा कारखान्यात कोळसा भाजतात त्या कोक ओव्हनवर इंजिनियर. घरी यायचा तेव्हा एवढा काळा होऊन यायचा की प्रथम पाहिला तेव्हा मी त्याला आपल्याकडचाच समजले. मूलबाळ नव्हतं. मी पाकीट उघडून पैसे पुढे करायची नक्कल केली आणि 'याला काय म्हणता?' अशा खुणा केल्या. ती म्हणाली, "फिझेत."

मी चपापले. हिला माझी फजिती कोणी सांगितली? पण तो शब्दच तसा होता. मी देते ते फिझेतेक, तू देतोस ते फिझेत्स, तो देतो ते फिझेत. आपल्याकडे पैसे देतात, भरतात, मोजतात, फेडतात, पण नुसतं एक क्रियापद म्हटलं आणि त्यात पैसे आपोआप आले, असं काही नाही. मला ते आवडलं. घरी भाकरी थापताना मी घोकत बसे, "फिझेतेक, फिझेत्स, फिझेत," आणि वहिनी दारातून डोकावून म्हणे, "कोणाची फजिती करून राहिल्या जी ताई सकायपासून?"

'मी देते' आणि 'तुम्ही सगळे देता' यांत फरक होता तो एका जोडाक्षराचा. फिझेतेक म्हटलं तर मी देते. फिझेत्तेक म्हटलं की तुम्ही सगळे. म्हणजे तोंडात घास असताना जीभ जरा अडखळली की बिल आपल्यावरून उठून पंगतीच्या बोकांडी बसलं! अशी भाषा बोलणारे लोक जेवताना बोलत नसतील, असं मी ठरवून टाकलं.

बाई नाटकं करून शिकवी. खांद्यावर फडका टाकून ती हॉटेलातला वाढपी होई आणि मी गिऱ्हाईक. तिच्या देशात म्हणे खाणं झालं की बसल्या जागेवरून हाक मारायची, "फिझेतेक!" आणि वाढपी हिशेब घेऊन येतो. मी म्हटलं, आमच्याकडे हॉटेलात कुणी 'मी देतो' असं ओरडला तर आजूबाजूची टेबलं हात पुसत घरी जातील. मग ती न्हावी होई, मग चांभार. एकदा तर खुर्च्या एकामागे एक लावून तिनं ट्राम केली आणि मला तिकीट काढायला लावलं. भिलाईत तेव्हा धड सायकलरिक्षा मिळत नव्हती, पण ट्रामचं तिकीट काढण्यात मी तरबेज झाले होते.

पुढं व्याकरण चढत गेलं. नुसतं 'देते' वेगळं आणि ठरावीक काहीतरी 'देते' वेगळं. सूप, चहा, तिकीट असं नेमकं काही असेल की फिझेतेकचं शेपूट कापून फिझेतेम करायचं. मी वही आपटली. कशाला या उचापती? मग तिला मी आपल्या मराठीचं सांगितलं. रुपया दिला, नोट दिली, नाणं दिलं. देणारी मी एकटीच, पण क्रियापद नाचतं ते दिलेल्या वस्तूच्या तालावर. ते ऐकून तिनं कपाळावर हात मारला. त्या दिवशी आमची फिटंफाट झाली.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या फटक्यात कळली. तिच्या भाषेत 'मी' म्हणायची गरजच नसते, क्रियापदात तो येतोच. पण 'एन' म्हणजे 'मी' हा शब्द मुद्दाम पुढे लावला, 'एन फिझेतेक' म्हटलं, तर अर्थ होतो, मी देणार, दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. हे समजावताना ती टेबलावर मूठ आपटी. मी म्हटलं, एवढी आपटाआपट कशाला, आमच्याकडे हे काम एक 'च' करतो. मीच देते. तिला तो 'च' इतका आवडला की ती बाजारातसुद्धा 'मैंच', 'येच', 'बैंगनच' असं बोलायला लागली आणि भाजीवाली तिला आमच्याकडची समजू लागली.

त्याच दिवसांत एका बड्या साहेबाच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. साहेबीण पुण्याच्या. मी बोलून गेले, "मले नाही लागत पेढा." त्यांनी सर्वांदेखत हसून दुरुस्ती केली, "मले नाही गं, मला." घरी येऊन मी भांडी आपटली आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीत ती सगळी हकिकत बाईला सांगितली. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "मेरा को भी. उधर सब औरत हँसता." रशियन बायका हिच्या बोलण्याला का हसतील हे मला कळेना. मग वाटलं, असेल ही त्यांच्या यवतमाळकडची.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी गल्ल्यावर बसले. नऊवारी नेसावी की पाचवारी यावर घरात वाद होऊन पाचवारी ठरली होती. पहिलं गिऱ्हाईक दाराएवढा माणूस. हातात माशांचे डबे. मी अदबीनं विचारलं, "ओन फिझेत?" म्हणजे, आपण देणार का?

त्यानं मान हलवली. "न्येत, न्ये फिझिक," तो म्हणाला. छातीवर बोट ठेवून पुढे म्हणाला, "इंझेनेर."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं आणि मागे वळून रांगेत काहीतरी पुकारलं. आता मला माहीत आहे की त्यांच्या भाषेत फिझिक म्हणजे भौतिकशास्त्रवाला. पोरगी एवढ्या तळमळीनं फिझिक शोधते आहे तर मदत करावी, असं त्या भल्या लोकांना वाटलं. रांगेच्या शेवटून त्यांनी प्रयोगशाळेतला एक चष्मेवाला शोधून काढला आणि ढकलत ढकलत माझ्यासमोर आणून उभा केला.

"की फिझेत?" मी जरबेनं विचारलं. कोण देणार?

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. मी पण मग काही मागेपुढे पाहिलं नाही. सगळ्या रांगेचे पैसे मी त्या एकट्याकडून घेतले. गरीब माणूस, पाकीट रिकामं होईपर्यंत देत गेला. मग त्याला काय झालं ते उमजलं आणि दुकानात एकच गलका उडाला. शेवटी कारखान्यातल्या बंगाली दुभाष्याला बोलावलं. त्यानं माझ्याकडून सगळी वाक्यं म्हणवून घेतली, डोळे मिटून ऐकली आणि ठेकेदाराला म्हणाला, "रूसी तो यह नहीं है. क्या है, भगवान जाने."

"एक हफ्ता और देता हूँ," ठेकेदार मला म्हणाला. दया म्हणून नव्हे, दुसरी कोणी मिळत नव्हती म्हणून.

मी तशीच तणतणत बाईच्या व्हरांड्यात गेले. हिंदी, मराठी, जे तोंडात येईल ते बोलले. "मले कावून फसवलं तुम्ही? मेरा नोकरी गया तो मेरा शादी हो जाएगा!"

तिला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तीही चिडली. "तू बोला, आपका भाषा! रूसी मेरा भाषा नहीं! रूसी मेरा आदमी का भाषा!" तिनं टेबलावर एक बटाटा ठेवला आणि बाकीची भाजी त्याच्याभोवती सरकवू लागली. बटाटा म्हणजे तिचं गाव. ती लहान होती तेव्हा भोवती एक देश होता, मग दुसरा आला, लढाई झाली, मग रशिया आला. बटाटा जागचा हलला नव्हता. त्या गावात घरोघरी हंगेरियन बोलत. लग्न होऊन ती नवऱ्याच्या गावी गेली, तिथून इथं आली. वर्षभरात भिलाईत तिला तिच्या भाषेत कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आणि बाजारात एक परकी पोरगी येऊन म्हणाली, तुझी भाषा शिकव.

मला तिचा भयंकर राग आला होता, तो तसाच होता, आणि तरी मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. रडले नाही. म्हटलं, "ठीक है. अब आदमी का भाषा सिखाओ."

तिनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मला बसवून रशियन शिकवलं, पण कसं, तर एरंडेल पाजल्यासारखं. नाटक नाही, ट्राम नाही. कोण देणार, क्तो प्लातित. मी देते, या प्लाचू. तिच्या भाषेत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या अक्षरावर, जोर देतात, तसाच तिनं इथंही दिला आणि मीही दिला. प्लाऽचू. त्यात काही घोटाळा असेल हे तिच्याही ध्यानात आलं नाही.

दुसरा शनिवार बरा चालला होता. "क्तो प्लातित?" म्हटलं की लोक मुकाट्यानं पैसे काढत होते. चष्मेवाला तेवढा लांबून वळसा घालून गेला. ठेकेदाराच्या चेहऱ्यावरचे भाव नरमत चालले होते, आणि नेमका त्याच वेळी माझा पदर बिस्किटांच्या काचेच्या बरणीत अडकला. बरणी खाली. सगळं दुकान थांबलं. ठेकेदार उठला.

मी मनात म्हटलं, गेली नोकरी. पण निदान अब्रूनं जावी. बरणीचे पैसे मी भरीन, हे सगळ्यांना त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे. मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "या प्लाऽचू!"

रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक लठ्ठ बाई पुढे आली आणि तिनं मला पोटाशी धरलं. दुसरीनं रुमाल काढला. मला वाटलं, यांना कळलं नाही. मी छातीवर हात ठेवून अजून जोरात म्हणाले, "या प्लाऽचू! प्लाऽचू!" तशा त्या आणखी कळवळल्या. कुणी माझ्या तोंडात चॉकलेट घातलं, कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवत ठेकेदाराला काडकाड बोलू लागली. माझे डोळे कोरडे ठणठणीत, आणि पाच-सहा बायका ते पुसताहेत.

बंगाली दुभाषा भिंतीला टेकून हसत होता. जरा दम घेऊन त्यानं सांगितलं, जोर शेवटी दिला तर त्या शब्दाचा अर्थ 'मी पैसे देते'. सुरुवातीला दिला तर 'मी रडते'. बायका आधी लाजल्या, मग मोठमोठ्यानं हसल्या, पण मला काही सोडलं नाही. बरणीचे पैसे त्यांनी आपसांत वर्गणी काढून दिले आणि ठेकेदाराला बजावलं, ही मुलगी इथंच पाहिजे.

"सोमवार से आ जाना," ठेकेदार म्हणाला. "मगर रोना मत."

अशी मला नोकरी लागली. दिवाळीच्या तोंडावर त्यानं सगळ्यांचे पगार केले, त्यात माझ्या थोड्याशा दिवसांचेही पैसे आले. मी पहिल्यांदा ते बाईला दाखवले. ती म्हणाली, हे बघ, पगार म्हणजे 'फिझेतेश', त्याच क्रियापदातून निघालेला. मी रुमालाची गाठ मारली आणि ठरवलं, बाबांना चांगली वर्ध्याला जाऊन बातमी सांगायची.

पण बातमी आधीच निघाली होती. भिलाईत राहून राहून वहिनीची मराठी अर्धी हिंदी झाली होती. हिंदीत पैसा चुकाना म्हणजे पैसे देणं. तिचा भाऊ फराळ घेऊन आला तेव्हा ती कौतुकानं त्याला म्हणाली, "आमच्या ताई लोकाइचे पैसे चुकवायच्या काउंटरवर बसतेत." भावानं तो निरोप जसाच्या तसा वर्ध्याला पोचवला. तिथं मराठीत पैसे चुकवणं म्हणजे काय, हे टीसीच्या घरात सांगायला नको. बाबा तार ठोकून मिळेल त्या गाडीनं निघाले.

त्यांना उतरवून घ्यायला मी दुर्ग स्टेशनवर गेले. बाई हट्टानं सोबत आली. तिला तिच्या विद्यार्थिनीचा बाप पाहायचा होता. बाबा डब्यातून उतरले ते बोलतच उतरले.

"चोट्टे पकडण्यात जिंदगी गेली माही! अन् माहीच पोट्टी पैसे चुकवायची नोकरी करते?"

"चुकवायची नाही जी बाबा, चुकवायची! हिंदीतली!"

"म्हंजे मराठीतला चोट्टा हिंदीत साहुकार होते का?"

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसवून मी त्यांना सगळं समजावलं. बाई मध्ये मध्ये "येच, येच" म्हणत होती. बाबा नोकरीनं कमी आणि तिच्या 'येच'नंच जास्त शांत झाले असावेत. पण शांत झाले तरी मुद्दा सोडेनात. "ठीक हाय. इमानाची नोकरी हाय, मानलं. पण हिंगणघाटवाले वाट पाहून राहिले. दुपारच्या गाडीनं चाल माह्यासोबत."

त्यांना 'नाही' म्हणणं मला कधीच जमत नसे. तोंडाला लगाम नव्हता तो बाकी जगापुढे. चहा झाला, आलूबोंड्यांची प्लेट संपली. एवढ्यात बाईनं सवयीनं हाक मारली, "फिझेतेक!" हॉटेलवाल्याला तिच्या हातातलं पाकीट पाहून बरोबर कळलं आणि तो तिच्याकडे निघाला. बाबा ताडकन उठले. "नाही नाही बाईसाहेब! पाहुण्या तुम्ही." त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला.

"एन फिझेतेक," मी बाईला म्हणाले.

ती लगेच खाली बसली. पाकीट मिटलं, हात मांडीवर ठेवले. एकही चूक नसल्यावर मास्तरीण बसते तशी.

"हे काय बोलली तू?" बाबा म्हणाले.

"मी देते म्हटलं."

"तू कावून देशीन?"

"मीच देते बाबा. पगार झाला माहा."

मी रुमालाची गाठ सोडून नोट टेबलावर ठेवली. बाबांचं व्रत मला माहीत होतं. आता ही नोट उचलून ते माझ्या हातात परत देतील, आपले पैसे मोजतील, आणि मी त्यांच्या मागोमाग गाडीत जाऊन बसेन, हे मला डोळ्यांपुढं स्वच्छ दिसत होतं. मी मनातल्या मनात हिंगणघाटला पोचलेसुद्धा होते.

बाबांनी नोट उचलली. संशयित तिकीट पाहतात तशी उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती नोट हॉटेलवाल्याच्या हातात दिली आणि खाली बसले.

"अजून एक प्लेट आन," ते त्याला म्हणाले. "मिरच्या तयेल पाह्यजे."

प्लेट आली तशी त्यांनी ती आपल्याकडे ओढली आणि आम्हा दोघींना विचारलंसुद्धा नाही. सावकाश, एकेक बोंडा मोडून, ते एकटे खात राहिले. बाईनं टेबलाखालून माझा हात दाबला. शेवटच्या मिरचीचं देठ बाजूला ठेवून बाबांनी हात धुतले, कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी जातो एकटाच. तू नीघ. ड्यूटी असंन ना तुही? ड्यूटीवर उशीर नाही करू."